सोयाबीन, युरिया आणि हळद : विकरांचा धडा घरातल्या वस्तूंनी



विज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. "विकरे म्हणजे काय? त्यांच्या कार्यावर परिणाम करणारे घटक लिहा." मुलं उत्तरही ठरलेलं लिहितात. तापमान, सामू, विकराचे प्रमाण, ज्या पदार्थावर क्रिया होते त्याचे प्रमाण. चार मुद्दे, चार गुण, विषय संपला.

आता त्याच मुलाला विचारा, "सकाळी गोठा झाडायला गेलं की डोळ्यांना झोंबतो तो वास कशाचा?" तो म्हणेल, "जनावराच्या मुताचा." पण ताज्या मूत्राला तो झोंबणारा वास नसतो. रात्रभर ते जमिनीवर पडून राहतं तेव्हा वास सुटतो. मग रात्रीत काय घडलं? मूत्रात युरिया असतो. शेणातल्या आणि जमिनीतल्या जिवाणूंकडे एक विकर असतं, ते युरियाचं विघटन करून अमोनिया वायू तयार करतं. त्या विकराचं नाव युरीएज. शाळेच्या मुतारीचा सोमवारी सकाळी येणारा वास हे त्याचंच काम.

हेच युरीएज कच्च्या सोयाबीनमध्ये भरपूर असतं. आणि सोयाबीन आपल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात काय, घरोघरी पोत्यात भरून ठेवलेलं असतं. युरियाही असतो आणि हळदही. म्हणजे प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतसुद्धा विकरांचा पूर्ण धडा करून दाखवता येतो. आमच्या वर्गात हा प्रयोग गेली काही वर्षं घेतोय. त्यात एकदा माझीच चांगली फजिती झाली आणि शेवटी हा धडा एका घराच्या गोठ्यापर्यंत पोहोचला. ते सगळं इथे सविस्तर लिहितो.

आधी थोडं समजून घेऊ : विकर नेमकं करतं काय?

विकर हे जैविक उत्प्रेरक आहे. बहुतेक विकरे म्हणजे प्रथिने. शरीरातली एखादी रासायनिक क्रिया ते प्रचंड वेगाने घडवून आणतं, पण स्वतः त्यात खर्ची पडत नाही.

मुलांना मी मोंढ्यातल्या हमालाचं उदाहरण देतो. पोतं ट्रकमधून गोदामात जायला हवं. ते आपोआप जाणार नाही. हमाल ते उचलतो, ठेवतो आणि लगेच पुढच्या पोत्याकडे वळतो. पोतं जागेवर पोहोचलं, हमाल तसाच आहे. विकराचा एक रेणू असाच एकामागून एक रेणू हाताळत राहतो.

फरक किती पडतो बघा. नुसत्या पाण्यात युरिया विरघळवून ठेवला, त्यात जिवाणू शिरू दिले नाहीत, तर साध्या तापमानाला त्याचं आपोआप विघटन व्हायला काही दशकं लागतात. तेच काम सोयाबीनचं चमचाभर पीठ वर्गाच्या एका तासिकेत दाखवतं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक विकराचं काम ठरलेलं असतं. जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. विकराच्या रेणूवर एक खाच असते. त्या खाचेत बसेल असाच पदार्थ त्याला चालतो. युरीएजला युरिया चालतो, साखर चालत नाही. आणि ही खाच टिकून असते ती प्रथिनाच्या घडणीमुळे. धाग्याचा गुंडा विशिष्ट तऱ्हेने गुंडाळावा तशी ही घडण असते. घडण विस्कटली की खाच गेली, आणि खाच गेली की काम थांबलं. पुढचे सगळे प्रयोग या एका वाक्याभोवती फिरतात.

साहित्य

कच्चं वाळलेलं सोयाबीन एक मूठ, युरिया दोन चमचे (नीमयुक्त चालतो), चांगली हळद, साखर, पाणी, पाच परीक्षानळ्या किंवा औषधाच्या पारदर्शक बाटल्या, गाळायला स्वच्छ सुती कापड, खलबत्ता किंवा मिक्सर, बर्फ, गरम पाणी आणि घड्याळ. तापमापी असेल तर उत्तमच.

सोयाबीन बारीक करून घ्या. एक चमचा पीठ अर्धा कप पाण्यात कालवा, दहा मिनिटं ठेवा आणि गाळा. पांढरट दुधासारखं पाणी मिळेल. हे आपलं "विकराचं पाणी". दुसऱ्या कपात एक चमचा युरिया अर्धा कप पाण्यात विरघळवा. दोन्हींवर चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठी नसली की वर्गात हमखास घोळ होतो.

हळद कशासाठी?

अमोनिया पाण्यात विरघळला की पाणी आम्लारीधर्मी होतं, आणि आम्लारीत हळद लाल होते. हे मुलांना माहीत असतं, फक्त त्यांनी ते विज्ञानाच्या वहीत लिहिलेलं नसतं. पिवळ्या हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो. हळदीत चुना मिसळला की कुंकवासारखा रंग येतो. तुळजापूरला जाऊन आलेल्या आपल्या मुलांना कुंकू आणि हळद वेगळी सांगायला लागत नाही. तोच रंगबदल इथे आपला साक्षीदार.

मुख्य प्रयोग : पाच नळ्या

प्रत्येक नळीत चिमूटभर हळद टाका. मग खालीलप्रमाणे भरा. प्रत्येक द्रावण साधारण एक-एक चमचा, सगळ्या नळ्यांत सारखं.

पहिली नळी : सोयाबीनचं पाणी + युरियाचं पाणी.
दुसरी नळी : सोयाबीनचं पाणी + साधं पाणी.
तिसरी नळी : साधं पाणी + युरियाचं पाणी.
चौथी नळी : सोयाबीनचं पाणी + साखरेचं पाणी.
पाचवी नळी : चांगलं उकळून गार केलेलं सोयाबीनचं पाणी + युरियाचं पाणी.

आता थांबा आणि मुलांना आधी अंदाज लिहायला लावा. हे फार महत्त्वाचं आहे. अंदाज लिहिलेला असला की मूल नळीकडे टक लावून बघतं.

साधारण पाच ते पंधरा मिनिटांत पहिली नळी पिवळ्याची केशरी आणि मग लालसर होते. बाकीच्या चार पिवळ्याच राहतात. नळीच्या तोंडाशी हात हलवून वास आपल्याकडे आणला तर गोठ्यातला तोच ओळखीचा वास येतो. थेट नाक लावू देऊ नका.

प्रत्येक नळी एका प्रश्नाचं उत्तर देते, ते मुलांकडूनच काढून घ्या. दुसरी सांगते की नुसत्या सोयाबीनने हळद लाल होत नाही. तिसरी सांगते की नुसत्या युरियानेही होत नाही. चौथी सांगते की या विकराला साखर चालत नाही, युरियाच लागतो. पाचवी सांगते की उकळल्यावर विकर निकामी झालं. दुसरी आणि तिसरी नळी नसती तर? एखादा हुशार विद्यार्थी म्हणाला असता, "सर, युरियामुळंच हळद लाल झाली असंल की." आणि त्याला उत्तर देता आलं नसतं. तुलनेच्या नळ्या त्यासाठी असतात.

माझी फजिती

पहिल्या वर्षी मी हा प्रयोग घेतला तेव्हा पाचव्या नळीसाठी सोयाबीनचं पाणी उकळलं नव्हतं. घाई होती. वाळलेले दाणेच उकळत्या पाण्यात तीन मिनिटं टाकले, काढले, वाटले आणि गाळून घेतले. वर्गाला छातीठोक सांगितलं, "उकळलेल्या सोयाबीनने रंग बदलणार नाही." दहा मिनिटांनी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, लाल झाली की ओ ही पण!"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर सुचेना. मग एका मुलीने उकळलेला एक दाणा नखाने फोडला आणि म्हणाली, "सर, हे आत कच्चंच हाय. घरी आई हरभरं रात्रभर भिजवती तवा कुठं शिजतेत."

तिचं बरोबर होतं. दाण्याची साल गरम झाली होती, आत उष्णता पोहोचलीच नव्हती. आतलं युरीएज शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही रात्रभर भिजवलेले दाणे घेतले आणि अर्धा तास उकळले. या वेळी नळी पिवळीच राहिली. तेव्हापासून मी हा चुकलेला प्रयोगही मुद्दाम घेतो. तीन मिनिटांचे कोरडे दाणे एका नळीत, भिजवून अर्धा तास उकळलेले दुसऱ्या नळीत. पाठ्यपुस्तकातलं "जास्त तापमानाला विकर निष्क्रिय होते" हे वाक्य त्यामुळे पुरं होतं. किती तापमान, किती वेळ आणि ते आतपर्यंत पोहोचलं का, हे तिन्ही विचारावं लागतं.

इथे एक सूचना. उकळलेले दाणे आधी वाटा, कच्चे नंतर. खलबत्त्याला कच्चं पीठ लागलेलं असेल तर तेवढंसुद्धा रंग बदलायला पुरतं आणि निष्कर्ष चुकतो.

तापमान : झोपलेलं विकर आणि मोडलेलं विकर

पहिल्या नळीसारखीच तीन मिश्रणं करा, पण मिसळण्याआधी दोन्ही द्रावणं त्या त्या तापमानाला आणा. एक जोडी बर्फाच्या पाण्यात, एक वर्गाच्या तापमानाला, एक साधारण ५० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात. मिसळल्यापासून लाल व्हायला किती वेळ लागला ते लिहा.

गरम पाण्यातली नळी सर्वांत आधी लाल होते, बर्फातली सर्वांत शेवटी. मुलांना वाटतं ५० अंशाला विकर बिघडायला हवं, कारण पुस्तकात ३७ अंश लिहिलेलं असतं. ते माणसाच्या शरीरातल्या विकरांचं. सोयाबीनचं युरीएज ६० अंशांच्या आसपासही जोमाने काम करतं. प्रत्येक विकराचं सोयीचं तापमान वेगळं असतं, हे इथे आपोआप कळतं.

आता खरी गंमत. बर्फातली नळी बाहेर काढून ठेवा. हळूहळू ती लाल होते. मग उकळून गार केलेली पाचवी नळी बघा. ती कितीही वेळ वर्गाच्या तापमानाला ठेवली तरी पिवळीच. म्हणजे थंडीत विकर मरत नाही, मंद होतं. रेणूंची धावपळ कमी झाल्याने युरिया आणि विकर यांची गाठच कमी वेळा पडते. उकळल्यावर मात्र प्रथिनाची घडणच मोडते आणि ती गार झाल्यावर परत बसत नाही. उकडलेलं अंडं गार केलं म्हणून पुन्हा कच्चं होत नाही, तसं. उत्तरपत्रिकेत "थंडीत विकरे नष्ट होतात" असं लिहिणारी मुलं दरवर्षी दिसतात. हा एक प्रयोग बघितला की ती चूक पुन्हा होत नाही.

आपल्याकडच्या हवामानाची एक अडचण ध्यानात ठेवा. डिसेंबरात सकाळच्या शाळेत वर्ग गार असतो, तेव्हा रंग यायला बराच वेळ लागतो आणि प्रयोग फसला असं वाटतं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असताना तोच प्रयोग भराभर होतो. म्हणून वहीत तारखेसोबत वर्गाचं तापमान लिहायची सवय लावा.

सामूचा परिणाम : इथे हळद चालणार नाही

सामूचा परिणाम दाखवायला काही जण याच नळीत लिंबू पिळतात. नळी पिवळी राहते आणि निष्कर्ष काढतात की आम्लात युरीएज थांबलं. हा निष्कर्ष घाईचा आहे. लिंबाने हळद तशीही पिवळीच राहणार! अमोनिया तयार झाला असेल तरी आम्लाने तो गिळून टाकला असेल. साक्षीदारच फितूर झाला तर निकाल कसा लागणार?

म्हणून सामूसाठी वेगळा प्रयोग घ्या, बटाट्याचा. बटाट्यात कॅटॅलेज नावाचं विकर असतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. मेडिकलच्या दुकानात जखम धुवायचं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड मिळतं, तेच वापरा, त्याहून तीव्र नको. कच्चा बटाटा किसून रस काढा. एका नळीत एक चमचा रस आणि एक चमचा पाणी, दुसऱ्या नळीत एक चमचा रस आणि किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाचं एक चमचा द्रावण. पाच मिनिटं थांबा. मग दोन्हींत सारखं पेरॉक्साइड घाला आणि फेसाची उंची मोजपट्टीने मोजा.

साध्या नळीत फेस भरभरून वर येतो, आम्लाच्या नळीत तो फारच कमी असतो. पेटवून विझवलेली, टोकाला निखारा असलेली उदबत्ती फेसाजवळ नेली तर निखारा फुलतो, कारण तो वायू ऑक्सिजन आहे. आम्लामुळे प्रथिनाच्या रेणूवरचे विद्युतभार बदलतात आणि त्याची घडण बिघडते, म्हणून कॅटॅलेज मंदावतं.

दोन्ही नळ्यांत फेस आला नाही तर आधी बाटलीकडे बघा. पेरॉक्साइड उघडून बरेच महिने झाले असतील किंवा उन्हात राहिलं असेल तर त्याचं आधीच विघटन झालेलं असतं. दोष बटाट्याचा नसतो.

तोंडातल्या विकराचा प्रयोग तर कुठल्याही साहित्याशिवाय होतो. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा मुलांनी दोन मिनिटं चावत राहायचा, गिळायचा नाही. हळूहळू गोडसर चव लागते. लाळेतलं अमायलेज पिष्टमय पदार्थाची साखर करायला सुरुवात करतं. हाच घास जठरातल्या आम्लात पोहोचला की अमायलेजचं काम थांबतं. सामूचा परिणाम रोज जेवताना आपल्या पोटात घडतो तो असा.

प्रमाण : हमाल किती आणि पोती किती

पुन्हा मोंढ्यात जाऊ. दहा हमाल आहेत आणि पाचच पोती आली, तर काही हमाल बसून राहतात. पोती वाढली की काम वाढतं. पण दहाही हमाल गुंतले की मग ट्रकमध्ये पन्नास पोती असोत की पाचशे, तासाला तेवढीच उतरणार. काम वाढवायचं तर हमाल वाढवावे लागतात. विकराचं अगदी असंच आहे. पदार्थाचं प्रमाण वाढवत गेलं तर वेग आधी वाढतो आणि मग एका मर्यादेला थांबतो.

नळ्यांत हे दाखवायला सोयाबीनचं पाणी अर्धा, एक आणि दोन चमचे घ्या, युरियाचं पाणी सगळीकडे एक चमचा ठेवा आणि साधं पाणी घालून तिन्हींची एकूण उंची सारखी करा. विकर जास्त तिथे लाल रंग लवकर. एकूण उंची सारखी का करायची, हे मुलांनाच विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. विज्ञानाच्या तासाला मुलांनी एवढं एक शिकलं तरी पुष्कळ झालं.

या विकराची गोष्ट

विकर म्हणजे नक्की काय पदार्थ, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही ठरलेलं नव्हतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले जेम्स समनर हे युरीएजवरच काम करत होते. त्यांनी सोयाबीनऐवजी जॅक बीन नावाच्या शेंगेचे दाणे घेतले होते, कारण त्यांत युरीएज फार असतं. १९१७ मध्ये त्यांनी सुरुवात केली आणि नऊ वर्षांनी, १९२६ मध्ये, त्यांना युरीएजचे स्फटिक मिळाले. ते स्फटिक प्रथिनाचे होते. बऱ्याच मोठ्या शास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. पुढे इतर विकरांचेही स्फटिक मिळाले आणि १९४६ मध्ये समनर यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

मुलांना मी आणखी एक सांगतो. समनर १७ वर्षांचे असताना शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावा हात गेला, आणि ते डावखुरे होते. एका उजव्या हाताने सगळं पुन्हा शिकून त्यांनी प्रयोगशाळेत काम केलं.

आपल्या नळीतला पिवळ्याचा लाल होणारा रंग आज दवाखान्यातही वापरतात. जठरात व्रण करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू भरपूर युरीएज बनवतो. दुर्बिणीने जठराचा बारीक तुकडा काढून तो युरिया आणि रंगदर्शक असलेल्या जेलीत ठेवतात. रंग बदलला तर जिवाणू आहे असं समजतं. हा जिवाणू शोधल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तपासणीचं तत्त्व आपल्या पहिल्या नळीचंच.

गोठ्यापर्यंत गेलेला धडा

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते. प्रयोग झाल्यानंतरच्या आठवड्यात एका मुलीचे वडील शाळेत आले. काढणीच्या वेळी पाऊस लागून त्यांचं सोयाबीन डागी झालं होतं, भाव मिळत नव्हता. ते भरडून जनावरांना घालायचा त्यांचा विचार होता. आणि त्याच जनावरांपुढे युरिया लावलेला चारा होता.

"सर, पोरगी म्हणती सोयाबीन आन् युरिया एका जागी करू नका, नळी लाल होती. खरं हाय का ही?"

मी म्हटलं, "दादा, ती बरोबर सांगतीय. तिनं डोळ्यांनी बघितलंय."

खरं तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात युरिया थोड्या प्रमाणात चालतो. तिथल्या जिवाणूंकडे स्वतःचं युरीएज असतं. ते अमोनिया करतात आणि त्यापासून प्रथिन बनवतात. गाय, म्हैस आणि आपली उस्मानाबादी शेळी या सगळ्यांच्या पोटात हे चालतं. पण त्यात कच्च्या सोयाबीनचं युरीएज येऊन पडलं तर अमोनिया एकदम तयार होतो. तो वापरला जात नाही, रक्तात जातो आणि जनावराला विषबाधा होऊ शकते. तोंडाला फेस, पोट फुगणं, अंग थरथरणं, धाप लागणं अशी लक्षणं दिसली तर क्षणाचाही वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवायचं असतं. लहान वासरांना तर युरिया मुळीच द्यायचा नसतो, कारण त्यांचं ते पोट अजून तयार झालेलं नसतं.

मी त्यांना एवढंच सांगितलं की दोन्ही एकत्र देऊ नका, आणि किती काय द्यायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आपण शिक्षक आहोत, खुराक ठरवणारे नाही. नळी पिवळी राहिली म्हणजे खाद्य सुरक्षित झालं असंही घरी कोणी समजू नये. तरी तत्त्व तेच आहे. पशुखाद्याच्या कारखान्यातसुद्धा सोयाबीनची पेंड पुरेशी भाजली गेली का, हे तिच्यात उरलेल्या युरीएजवरून तपासतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटकही असतो आणि तोही साधारण तेवढ्याच उष्णतेने निकामी होतो. युरीएज गेलं तर तोही बहुधा गेला, असा तो हिशेब.

शेतातही हेच विकर काम करतं. मातीतल्या जिवाणूंचं युरीएज युरियाचं अमोनियात रूपांतर करतं, म्हणून तर पिकाला नत्र मिळतं. पण ओल्या जमिनीवर नुसता फेकलेला युरिया कडक उन्हात तसाच राहिला तर बराच अमोनिया हवेत उडून जातो. आपल्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा ७ च्या वर असतो, त्यामुळे हे नुकसान आणखी वाढतं. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण २१ किलो. त्यातलं काही वाऱ्यावर जाऊ द्यायचं का? युरिया मातीआड करा, असं कृषी सहायक सांगतात त्याचं कारण हे.

हेही वर्गात दाखवता येतं. दोन बरण्यांत ओली माती घ्या. एकीत युरिया वर भुरभुरा, दुसरीत तेवढाच युरिया मातीत खोल दाबा. हळदीच्या घट्ट पाण्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी पुन्हा ओली करून दोन्ही झाकणांना आतून चिकटवा. बरण्या बंद करून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पट्ट्या बघा. कोणती आधी लाल होते ते मुलांनीच सांगू द्या.

प्रयोग घेताना काळजी

यातलं काहीही चाखायचं नाही. फक्त भाकरीचा प्रयोग तोंडाचा आहे आणि तो वेगळ्या दिवशी, स्वच्छ हातांनी घ्यावा. उकळणं आणि पेरॉक्साइड ओतणं शिक्षकांनी स्वतः करावं. पेरॉक्साइड डोळ्यांत उडणार नाही हे बघावं. उरलेलं मिश्रण जनावरांच्या कोंडाळ्यात किंवा खरकट्यात टाकू नका, शेळ्या तोंड घालतात. ते खड्डा करून मातीत ओता. शेवटी सगळ्यांनी साबणाने हात धुवा. हाताला हळद लागलेली असेल तर तीही लाल होईल. कारण मुलांना आता विचारावं लागणार नाही.

मुलांना विचारायचे प्रश्न

१. बर्फातली नळी नंतर लाल झाली, उकळलेली झाली नाही. का?
२. पाच नळ्यांपैकी तिसरी काढून टाकली तर कोणता निष्कर्ष कच्चा राहील?
३. सामूच्या प्रयोगात हळद का वापरली नाही?
४. लाल झालेली हळदीची पट्टी उघड्या हवेत ठेवली तर काही वेळाने पुन्हा पिवळी होते. अमोनिया कुठे गेला?
५. तुमच्या घरी सोयाबीनची भाजी किंवा पीठ करण्याआधी काय काय करतात? आजीला विचारून लिहा आणि त्यामागचं कारण शोधा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं जरूर वाचा. भिजवणं, उकडणं, खमंग भाजणं, सगळं त्यात येतं. विकराचं नावही न ऐकलेल्या बायकांनी ते सगळं बरोबर सांभाळलेलं दिसतं. आपल्याला फक्त त्यामागचं कारण मुलांपर्यंत पोहोचवायचं आहे.

पालकहो, मुलाने घरून मूठभर सोयाबीन आणि पुडीत दोन चमचे युरिया मागितला तर नाही म्हणू नका. आणि शिक्षक मित्रांनो, वर्गात नळी चुकीच्या वेळी लाल झाली तर घाबरून जाऊ नका. एखादी मुलगी दाणा फोडून बघेल आणि तुम्हालाच शिकवेल.